रँक बघून शाळा ठरवणाऱ्यांसाठी

यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाला तिळगूळ हातावर पडायच्या आत प्रश्न आला, "अगं, अजून तिथेच राहता? मग लेकीच्या हायस्कूलचं काय?" विचारणारीने तिथल्या तिथे फोनवर आमच्या शाळेचा रँक काढून शेजारणीला दाखवला. दोघी गप्प झाल्या. ते गप्प होणं मला फार लागलं.

गॅरेट काउंटी म्हणजे मेरिलँडचं पार पश्चिमेचं टोक, साइडलिंग हिलच्याही कितीतरी पुढे. 2020 च्या जनगणनेत इथली वस्ती 29 हजारांच्या आतच भरली. सरकारी हायस्कूलं दोनच: उत्तरेला ॲक्सिडेंट गावी नॉर्दर्न आणि दक्षिणेला ओकलंडला सदर्न. माझे दीर मॉन्टगोमरी काउंटीत राहतात. तिथल्या सरकारी शाळांत दीड लाखाहून जास्त मुलं शिकतात. या दोन काउंट्यांतल्या शाळा एकाच यादीत लावायच्या आणि खाली आलेलीला वाईट ठरवायचं, हा अन्याय आहे.

ती यादी कशी बनते ते तरी बघा. यू. एस. न्यूजच्या हायस्कूल रँकिंगमध्ये शंभरातले 40 गुण एपी आणि आयबी या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षांवर अवलंबून असतात. किती मुलांनी त्या परीक्षा दिल्या, किती जण चांगल्या गुणांनी पार पडले, किती वेगवेगळ्या विषयांत, एवढंच त्यात मोजतात. मोठ्या शाळेत प्रत्येक विषयाला वर्गभर मुलं मिळतात. आमच्याकडे फिजिक्सला पाचच मुलं उभी राहिली, तर तेवढ्यांसाठी वेगळा शिक्षक कुठून नेमायचा? म्हणून इथली मुलं अकरावी-बारावीत मॅकहेन्रीच्या गॅरेट कॉलेजात जाऊन थेट कॉलेजचेच विषय घेतात. ड्युअल एनरोलमेंट. राज्याच्या 2021 च्या 'ब्लूप्रिंट' कायद्यामुळे पात्र ठरलेल्या मुलांना त्याची फीसुद्धा पडत नाही. आणि या अभ्यासाला त्या 40 गुणांत जागाच नाही! मूल कॉलेजचा पेपर लिहून पास होतं, आणि यादीच्या लेखी त्याने काहीच केलेलं नसतं.

माझ्या लेकीच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबमध्ये एका बाजूला तिचाच वर्गमित्र उभा असतो, पहाटे गोठ्यातलं दूध काढून आलेला. दुसऱ्या बाजूला नर्सिंगसाठी पुन्हा शिकायला आलेली चाळिशीची बाई. टायट्रेशनमध्ये लेकीचा रंग सारखा थेंबभर पुढे जायचा. त्या बाईंनी तिला ब्युरेटची तोटी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने फ्लास्क हलवायला शिकवलं. दिरांचा मुलगा एपी केमिस्ट्री करतो. तो हुशार आहे, रात्री दोनपर्यंत जागतो. मला त्याचं कौतुक आहे आणि काळजीही वाटते. आमची लेक अकराला झोपते. तिचे क्रेडिट राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत बहुतांशी चालतील. कोणते चालतील, कोणते नाही, हे सांगायला तिच्या काउन्सेलरने संध्याकाळी घरी फोन केला होता.

आमच्या घरात हा वाद जुनाच आहे. मी पुण्यातल्या नावाजलेल्या शाळेतली, हे सातारा जिल्ह्यातल्या रयतच्या शाळेतले. सासूबाई अजून सांगतात, शहरातले नातेवाईक तेव्हा ह्यांची कीव करायचे. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी खेड्यातल्या शाळांतून डॉक्टर, इंजिनिअर झालेले बघितले, त्यांनीच इथे येऊन खेड्यातल्या शाळेवर फुली मारावी? मेरिटच्या मागे धावून आपण दमलो होतो, हे इतक्या लवकर विसरलो का?

जरा जास्तच बोलले. माफ करा. ज्यांनी मुलांच्या शाळेसाठी कर्ज काढून घरं घेतली, त्यांच्या त्यागाला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे उणिवा आहेतच. परदेशी भाषांना फारसा वाव नाही, ऑर्केस्ट्रासाठी मुलं जमत नाहीत, बर्फामुळे शाळा पुन्हा पुन्हा बंद राहते. पैशाचंही दुखणं आहे. डीप क्रीक लेकच्या काठी बाहेरच्या लोकांची सुट्टीतली महागडी घरं आहेत. त्यांच्या किमतीमुळे काउंटी कागदावर श्रीमंत दिसते, आणि राज्याकडून शाळांना मिळणारी मदत त्यामुळे कमी होते. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख हवा.

मंडळाला एकच विनंती. दरवर्षी जे हायस्कूल मार्गदर्शन होतं, त्यात रँकची यादी पडद्यावर लावण्याआधी ड्युअल एनरोलमेंटवर अर्धा तास ठेवा. गॅरेट, ॲलेगनी, वॉशिंग्टन काउंटीतल्या आपल्या पालकांना बोलायला बोलवा. मी लेकीला घेऊन येईन, ती स्वतः सांगेल. फक्त तारीख एप्रिलनंतरची धरा, त्याआधी आमच्या रस्त्यांचा भरवसा नसतो.