पान लागल्यावर देवरुषाचे काम काय?

"देवरुषाने सापाचे विष उतरवलेली माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत," असे उरवड्यासारख्या मुळशीतल्या गावात कुणी ठामपणे सांगितले, तर त्याला खोटे ठरवण्याची गरज नाही. माणूस वाचला हे खरेच असते. मात्र तो मंत्राने वाचला हे खरे नसते. भाताच्या खाचरात, बांधावर चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात. दिवड चावली तर काहीही न करता माणूस जगतो. नाग किंवा घोणसही कधी विष न सोडताच चावतात. यश आले ते अशा रुग्णांच्या बाबतीत. मण्यारीच्या दंशाला मात्र ना फारशी सूज, ना वेदना. पापण्या जड होतात, श्वास मंदावतो आणि धूप-अंगाऱ्यात रात्र गेली की पहाटे माणूस हातचा जातो. त्यावर उपाय प्रतिविषाचा आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासाचा. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले.

एवढ्यावरून काही सुशिक्षित जो निष्कर्ष काढतात, तो मात्र मला मान्य नाही. परंपरेतले सगळेच अज्ञान, ते मोडून काढा, असे ते म्हणतात. सर्पगंधेचे उदाहरण पाहा. सर्पदंशावर ही मुळी लोक देत आले. विषावर तिचा उपयोग नाही. पण वेड आणि निद्रानाश यांवरही ती दिली जात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती तपासली आणि 1949 साली निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. पुढे 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वापरले. एकाच मुळीबद्दल परंपरेचा एक दावा फोल निघाला, दुसऱ्या वापराने नव्या औषधाची वाट दाखवली. कोणता कुठला, हे तपासल्याशिवाय कळले नसते. म्हणून आजीबाईचा बटवा डोक्यावर घेऊन नाचणारे आणि तो उकिरड्यावर फेकणारे, दोघेही तपासणीचे कष्ट टाळतात असे मी म्हणतो.

आणि औषधापलीकडे माणूस आहे. भगत, वैदू, सुईण वस्तीतच राहतात, मध्यरात्री उठतात, रुग्णाच्या बोलीत बोलतात. दवाखाना लांब आणि तिथे डॉक्टर भेटेल याची खात्री नाही, तेव्हा लोक त्यांच्याकडे जातात. याला केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्याय आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी सुईणींना हिणवले नाही; त्या त्यांच्याकडून शिकल्या आणि त्यांनी त्यांना शिकवलेही. दक्षिण आफ्रिकेने 2007 साली पारंपरिक उपचारकांच्या नोंदणीसाठी कायदा केला. तिथे एचआयव्ही आणि क्षयाच्या रुग्णांना दवाखान्याकडे पाठवण्याचे प्रशिक्षणही अनेक उपचारकांना दिले गेले. ही वाट मला पटते, एका अटीवर: मंत्राला औषधाचा दर्जा मिळता कामा नये.

मुळशीत हे दर मे महिन्यात, लावणीआधी करता येईल. आरोग्य केंद्राने देवरुषांना बोलवावे. दंशाची जागा कापायची नाही, आवळून बांधायची नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, 108 ला फोन करून रुग्णाबरोबर स्वतः गाडीत बसायचे, हे त्यांच्याकडून घोटून घ्यावे. त्याच दिवशी केंद्रातल्या प्रतिविषाच्या कुप्या गावकऱ्यांसमोर मोजाव्यात आणि रात्रपाळीच्या डॉक्टरचे नाव फळ्यावर लिहावे.