भजनांतली गिटार आणि मिटलेलीं तोंडें

शहरांतील भजनमंडळांत गिटार शिरली आहे, आणि तिच्यावरून आमच्या सुशिक्षित घरांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, वाद्य परकें, धाटणी परकी, देवापुढें तिचें काय काम? दुसरा म्हणतो, तिच्या नादानें तरुण मंडळी देवळाची पायरी चढूं लागली, एवढें पुण्य तिच्या पदरीं पुरे आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ मुद्दा सोडून भांडत आहेत. वाद्य कोठें जन्मलें हा प्रश्न नव्हे, आणि गर्दी किती जमली हाहि नव्हे. वाद्य वाजूं लागल्यावर उपासकाचें तोंड उघडतें कीं मिटतें, हें पाहावयाचें आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यांत घेतां येईल. ज्या पेटीवांचून त्यांचें भजन सुरूच होत नाहीं ती पेटी मूळची पॅरिसची. देबँ नांवाच्या कारागिरानें 1840 च्या सुमारास ती तिकडे प्रचारांत आणली. पायांनीं भाता हाणावयाचें तें अवजड धूड मांडीपुढें घेऊन बसण्याजोगें केलें तें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं. परकेपणाचा शिक्का तिच्यावरहि बसला होताच. 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर काढलें. 1971 सालीं ती बंदी कांहीं अटींवर सैल झाली. त्या 31 वर्षांत एखाद्या भजनमंडळानें पेटी माळ्यावर टाकली असें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. आणि उलट बाजूनें पाहा: रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीं ख्रिस्ती उपासनेंत मराठी भजन आणलें, तें आपण कौतुकानें सांगतों. ज्यांना ख्रिस्ताच्या मंदिरांतला अभंग गोड वाटतो त्यांनीं विठ्ठलाच्या मंदिरांतल्या गिटारीपुरतें सोंवळें कां नेसावें?

दुसऱ्या पक्षाशीं मात्र आम्हांस नेट धरून भांडावयाचें आहे. कारण तो मायाळूपणानें बोलतो आणि म्हणूनच अधिक घात करतो. त्याच्या भजनाचा थाट वाचकांनीं पाहिलाच असेल. उंच व्यासपीठ, दोहों बाजूंस माणसाएवढे ध्वनिवर्धक, मधोमध गिटारवाला आणि त्याच्या पायाशीं वाद्याचा आवाज हवा तसा पालटणारीं बटणें. समोर अंधारांत शें-दीडशें माणसें. निम्म्यांच्या हातांत चित्रण करणारे फोन. गाणारे चार, ऐकणारे दीडशें. ज्या बाईंना शंभर अभंग मुखोद्गत आहेत, गल्लींतल्या मंडळांत ज्या पहिली ओळ उचलतात, त्या येथें मागच्या खुर्चींत टाळ्या वाजवीत बसतात. त्यांची पट्टी काळी चार; व्यासपीठाची भलतीच. शिवाय आवाज एवढा कीं शेजारणीचा सूर त्यांना ऐकूं येत नाहीं, आणि स्वतःचाहि नाहीं. मग तोंड उघडावें कशाला? घरीं परततांना 'फार छान झालें' असें त्या म्हणतात. भजनाविषयीं असें पूर्वीं कोणी म्हणत नसे; तें नाटकाविषयीं म्हणत.

यावर उत्तर येतें कीं, मन तर हलतें ना? हलतें. पण मन हलावयास देव लागत नाहीं. प्रणयगीतानेंहि डोळे पाणावतात आणि रणवाद्यानेंहि अंगावर कांटा उभा राहतो. संत ऑगस्टीन यानें सोळाशें वर्षांपूर्वीं आपल्या आत्मनिवेदनांत नेमकें येथेंच बोट ठेविलें आहे. चर्चमधील गायनानें आपल्या भक्तीस बळ येतें हें त्यास मान्य होतें. पण गाइलेल्या शब्दांहून गाणेंच आपल्याला अधिक हलवूं लागलें तर तो अपराध, असें त्याचें मत. आम्ही इतके कठोर नाहीं. आमची तक्रार निराळी आहे: ऐकणाऱ्याचें मन हलून पुन्हां जागच्या जागीं बसतें, म्हणणाऱ्याचें शरीरच बदलतें.

हें अलंकारिक बोलणें नव्हे. 2001 सालीं इटलींतील बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनीं 23 निरोगी माणसांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणवून घेतला. दोहोंतहि श्वासाची गति मिनिटास सुमारें 6 वर आली, आणि हृदय व रक्तदाब यांची लय तिच्याशीं जुळून गेली. 2013 सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजण्यांत आले. चरणाचरणाला सर्वांचे श्वास एकाच वेळीं आंत-बाहेर होतात, आणि त्यांच्यामागोमाग ठोक्यांचा वेगहि एकत्र वाढतो व एकत्र उतरतो, असें आढळलें. प्रयोग लहान आहेत. त्यांवरून भक्तीचें माप काढावें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण दोन्ही ठिकाणीं काम केलें तें म्हणणाऱ्याच्या श्वासानें, हें विसरतां येत नाहीं. मागच्या खुर्चींतल्या बाईंचा नेमका तोच श्वास आपण काढून घेतला आहे.

वारकऱ्यांनीं हें प्रयोगशाळेवांचून ओळखलें. त्यांचा वीणेकरी पाहा. अखंड नामसप्ताहांत वीणा रात्रंदिवस खालीं ठेवीत नाहींत. पहारा बदलला कीं ती एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते. एवढा तिचा मान, पण ती चाल वाजवीत नाहीं, नुसता आधारस्वर धरून उभी असते. टाळ तर ज्याच्या त्याच्या हातीं. आणि ज्याच्या हातीं टाळ आहे तो नुसता श्रोता राहूंच शकत नाहीं. (अभंगाच्या दोन ओळींमध्यें तानांची आतषबाजी करणाऱ्या पेटीवाल्यांनींहि हें वाक्य पुन्हां वाचावें.)

गिटारीनें वीणेचें हें काम करावें, अशी आमची सूचना आहे, आणि तें तिला साधतें. 1818 च्या नाताळांत ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ या गांवीं 'सायलेंट नाइट' हें आतां जगभर गेलेलें गीत प्रथम गायिलें गेलें, तें एका गिटारीच्या साथीवरच. नेहमींच्या जुळणींतील पहिली, दुसरी आणि सहावी या तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरविल्या कीं जाड तारेपासून सा-प-सा-म-प-सा अशी जुळणी होते. मध्यमाची तार दुसऱ्या पडद्यावर दाबली कीं तीहि पंचम होते, आणि हातीं जणूं सहा तारांचा तंबोरा येतो. याचा लाभ कान असणाऱ्यांस लगेच कळेल. गिटारीचे पडदे कायमचे ठोकलेले. अर्धस्वराचे 100 भाग कल्पिले तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून सुमारें 14 भाग चढा येतो. पंचम मात्र अवघे 2 भाग उतरतो. ज्यांना कॉर्ड म्हणतात ते स्वरगुच्छ बहुधा गंधारावर उभे असतात, म्हणून ते झडूं लागले कीं गाणारीचा गळा ओढला जातो. वाद्यानें सा-प धरावे. गंधार गळ्याला सोडावा.

मुलांना गिटार घेऊन देणारे पालक 'कोणती घ्यावी' असें आम्हांस विचारीत असतात. भजनासाठीं घ्यावयाची तर नायलॉनच्या तारांची, जिला दुकानांत क्लासिकल म्हणतात, ती घ्यावी. तिचा आवाज मऊ, आणि चार बायकांच्या आवाजाखालीं ती निमूट राहते. तिच्यावर पोलादी तारा कधींहि चढवूं नयेत. तो ताण तिची घोडी उखडून काढतो. दुकानदार पुढें करील ती बहुधा मोठ्या पोटाची, पोलादी तारांची. त्या घडणीस ड्रेडनॉट म्हणतात. 1906 सालीं ब्रिटिशांनीं या नांवाची प्रचंड युद्धनौका पाण्यांत सोडली. दहा वर्षांनीं अमेरिकेंतील मार्टिनच्या कारखान्यांत एक दांडगी गिटार तयार झाली, तिला त्या नौकेचेंच नांव मिळालें. देवघरांत युद्धनौका नको.

कॅपो नांवाचा चिमटा मात्र अवश्य घ्यावा. वरील जुळणीचा षड्ज पांढरी दोनचा आहे. चिमटा पहिल्या पडद्यावर लावला कीं काळी दोन, सहाव्यावर लावला कीं काळी चार. म्हणजे बाईंनीं गिटारीकडे जावयास नको, गिटारच त्यांच्याकडे येते. आणि दुकानांत मुलास एकट्यास पाठवूं नये. घरांत जी कोणी भजन म्हणते तिला बरोबर न्यावें, मुलाला नुसते सा-प छेडावयास सांगावें, आणि तिच्याकडून एक अभंग म्हणवून घ्यावा. तिला आवाज चढवावा लागला तर तें वाद्य पुन्हां भिंतीवर टांगून ठेवावें. पोटांत ध्वनिवर्धकाची सोय बसविलेली गिटार दुकानदार कमी किंमतींत देऊं लागला, तरी नको म्हणावें.