मृगाचा पाऊस आणि काळ्या शेपटीचें हरीण

आपल्या पंचांगांतला पावसाळा एका शिकारीपासून सुरू होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रांत गेला कीं शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. आणि हा मृग म्हणजे आकाशांतलें तेंच हरीण, कीं ज्याच्या पोटांत तीन ताऱ्यांचा बाण रुतला आहे व ज्याच्या मागें व्याध टपून बसला आहे. मौज अशी कीं ज्या दिवसांत ह्या हरणाच्या नांवाचा पाऊस पडतो त्या दिवसांत तें सूर्याच्या तेजांत लपलेलें असतें. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ह्याच नक्षत्राच्या आधारें वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला, तो वाचकांस ठाऊक आहेच. आज मात्र आकाशांतला मृग सोडून जमिनीवरच्या मृगाविषयीं, आणि पावसांत त्याची शिकार कशी होत असे व आतां कशी होते याविषयीं, चार शब्द लिहावयाचे आहेत.

बिबवेवाडींत ज्या घरीं बसून हें लिहीत आहें तेथून सरींच्या पडद्याआड टेकडी दिसते. तिच्या अंगावर आतां घरें चढलीं आहेत. मुलांना हरीण दाखवावयाचें झाल्यास दोनतीन मैलांवर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत न्यावें लागतें. तेथें काळवीट, चितळ, सांबर इतकें सगळें पाहून मूल घरीं येतें आणि सर्वांना सरसकट 'हरीण' म्हणतें. परंतु पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडे, बारामती-इंदापूरच्या उघड्या माळांवर जें हरीण अद्यापि मोकळें हिंडतें तें निराळेंच. त्याला आपण चिंकारा म्हणतों. दख्खनमध्यें कंपनी सरकारच्या चाकरींत असलेल्या सायक्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८३१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. म्हणजे जगाच्या प्राणिशास्त्रांत ह्या जनावराची नोंद झाली ती आपल्याच मुलखावरून. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचें मराठी नांव 'काळशिपी', म्हणजे काळ्या शेपटीचें, असें दिलें आहे. हें नांव आतां कानीं पडत नाहीं याची हळहळ वाटते. 'चिंकारा' हा शब्द ऐकून डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. 'काळशिपी' म्हणतांच सदा हालणारी ती काळी शेपूट दिसूं लागते.

उंची जेमतेम दोन फूट, अंग तांबूस पिंगट, तोंडावर दोन्ही बाजूंस पांढरे पट्टे. नराला व मादीला, दोघांनाहि शिंगें, मादीचीं बारीक. सांबराचीं शिंगें वर्षाकाठीं झडतात, याचीं झडत नाहींत. संशय आला कीं पुढचा पाय जमिनीवर आपटून शिंकल्यासारखा आवाज करतें. गवतपाला व दंव यांवरच तें पुष्कळ काळ भागवूं शकतें, म्हणून जेथें पाणी नाहीं अशा दगडाळ घळींत व मुरमाड टेकाडांवरच त्याचा संसार चालतो. पावसाळ्यांत तर मुरमाचें मोलच वेगळें. काळ्या रानांत पाऊल घोट्यापर्यंत बुडत असतां मुरमावरचें पाणी केव्हांच निथरून गेलेलें असतें, आणि खूर मोकळा राहतो.

आतां शिकारीकडे वळूं. पावसांत हरणाची शिकार सोपी कीं अवघड, ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येणार नाहीं. ओली जमीन पावलांचा आवाज गिळते. चिखलांतला खुराचा ठसा ताजा कीं शिळा हें पोरसुद्धां सांगेल. वारा तीन महिने बहुतेक एकाच बाजूनें, पश्चिमेकडून वाहतो. तेव्हां पूर्वेच्या अंगानें पुढें सरकलें कीं माणसाचा वास हरणाच्या नाकापर्यंत पोंचत नाहीं. हें सगळें शिकाऱ्याच्या पथ्यावर पडणारें. परंतु जुन्या काळीं याविरुद्ध एकच गोष्ट अशी होती कीं ती ह्या सर्वांना पुरून उरे. ती म्हणजे दारू ओली होणें. तोड्याच्या बंदुकीचा तोडा सरीनें विझे, कानांतली रंजक सादळे, आणि हरीण पन्नास पावलांवर उभें असलें तरी बंदूक ही निव्वळ काठीच होऊन बसे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यांत छावणीला राहून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, त्याचीं कारणें नद्यांचे पूर व चिखलाच्या वाटा हीं तर होतींच. पण बंदुकीलाहि त्या महिन्यांत सुटी असे. ह्या सुटींतच हरणांना चार महिने उसंत मिळत असे, आणि ती कोणीं दया म्हणून दिलेली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक जीवाला लागणारी आहे. गोळी लागलेलें हरीण जागच्या जागीं पडतेंच असें नाहीं; पोटांत वा मांडींत गोळी घेऊन तें मैलभर पळतें. कोरड्या दिवसांत रक्ताच्या थेंबांवरून माग काढून शिकारी त्याला गांठतो व त्याचे हाल संपवितो. पावसाची एक सर आली कीं तो सारा माग धुऊन जातो. मग कोठल्या तरी घळींत तें जनावर दोन दिवस कुढत मरतें, आणि इकडे शिकारी नेम चुकला असें समजून घरीं येऊन पिठलें-भाकरी खातो. म्हणून जे खरे जाणते शिकारी ते सर कोसळत असतां चापाला बोट लावीत नसत. मी स्वतः शिकारीचा भोक्ता नव्हे. पण हा एवढा संयम ज्याच्या अंगीं होता त्याच्याविषयीं मला आदर वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धातूचें काडतूस आलें आणि पावसाचा हा आडोसा गेला. काडतुसाला सर भिजवीत नाहीं. जें काम आजवर ढग करीत आले होते तें यापुढें कायद्याला करावें लागलें. १९१२ च्या कायद्यानें हरणें, कुरंग इत्यादिकांसाठीं वर्षांतला कांहीं काळ शिकारबंदीचा ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९५१ सालीं मुंबई राज्यानें आपला स्वतंत्र कायदा केला. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें चिंकारा व काळवीट हे दोघेहि आतां पहिल्या अनुसूचींत असून बाराहि महिने बंदूक बंद आहे. आज ह्या गुन्ह्यास किमान तीन वर्षें व कमाल सात वर्षें कैद आहे.

फांसेपारध्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांचा फांस पावसानें विझत नसे. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फांस बांधून त्याला कळपाकडे सोडावयाचें. रानांतला नर झुंजीला आला कीं त्याचीं शिंगें आपोआप अडकतात. ही युक्ति अकबराच्या दरबारींहि ठाऊक होती. साहेबानें मारलेलें हरीण तो खेळ आणि पारध्यानें धरलेलें तो गुन्हा, हा न्याय त्या राज्यांत चालला. अनेक पारधी गुन्हेगार जमातींच्या यादींत गेले. तो जुलमी कायदा १९५२ सालीं रद्द झाला खरा, पण पुढें वीस वर्षांनीं बापजाद्यांचा धंदाहि गेला, आणि त्याऐवजीं त्यांच्या हातीं काय द्यावयाचें याचा विचार फारसा कोणीं केला नाहीं.

कोणी म्हणेल, आपल्यासारख्या वरणभात जेवणाऱ्या घरांचा ह्या प्रकरणाशीं संबंध काय? संबंध आहे. कृष्णसार मृग जेथें स्वभावतः फिरतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृति सांगते. मुंजींत बटूच्या जानव्याला कृष्णाजिनाचा तुकडा बांधतात. पुष्कळांच्या आजोबांच्या संध्येच्या आसनावर मृगाजिन अंथरलेलें असे. तें अजिन झाडाला लागत नव्हतें. काळवीट हा काळ्या रानाच्या सपाटीवर राहणारा. ऐन पावसांत खुरांना चिखलाचे गोळे चिकटले कीं वाऱ्याशीं पैज घेणारें हें जनावर साध्या शिकारी कुत्र्यांनाहि सांपडतें. जुन्या पेटींत असें अजिन निघालें तर तें विकतां येत नाहीं, कोणास देतांहि येत नाहीं. वारशानें आलें असल्यास नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे त्याची माहिती द्यावी लागते. आणि नवें घेण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये. दर्भ व मुंज हीं असतांना ह्या तुकड्यावांचून बटूचें कांहीं अडत नाहीं.

बंदूक गेली तरी पावसाळा हा काळ्या शेपटीच्या हरणाला आज पूर्वींपेक्षां निर्भय झाला आहे, असें म्हणवत नाहीं. बारामती तालुक्यांत सुपें येथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर. हरीण कांहीं तेवढ्यांत मावत नाहीं. तें भोंवतालच्या माळांवर जातें, आणि तो माळ सरकारी नकाशांत 'पडीक' म्हणून गणला जातो. पडीक म्हटलें कीं त्याचे तुकडे पाडावयास, तारेचें कुंपण घालावयास, मुरूम खणून न्यावयास कोणाच्याच मनास खटकत नाहीं. परंतु पावसांत खूर टेकावयास कोरडी जागा ती एवढीच! ती गेली म्हणजे हरीण खालच्या नांगरटींत उतरतें, आणि तेथें मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात. सहा कुत्रीं एका भिजल्या रानांत जें करतात तें बंदुकीनें क्वचितच साधलें असतें. ह्या शिकारीला परवाना लागत नाहीं, आणि कायद्यानें शिक्षा करावी असा आरोपीहि कोणी हातीं लागत नाहीं.

इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी व बारामतींतील शिरसुफळ येथें वनखात्यानें २०२४ सालापासून लोकांना माळ दाखविण्याची व्यवस्था केली आहे, हें बरें झालें. तेथवर जावयास सवड नसली तरी भाद्रपदांत मोरगांवच्या मयूरेश्वराला पुण्याहून आपल्यापैकीं पुष्कळ जण जातातच, आणि सुपें तेथून जवळ आहे. बरोबर घरचें कुत्रें असल्यास त्याला गाडींतून खालीं सोडूं नये. रस्त्याकडेच्या मुरमाड उतारावर नजर ठेवावी, ती सावकाश फिरवावी. हरीण स्थिर उभें असलें तर दिसत नाहीं, कारण ओल्या मुरमाचा आणि त्याच्या अंगाचा रंग एकच. पण शेपूट त्याला स्वस्थ ठेवतां येत नाहीं.