जास्त दूध कोणाचं?

मैत्रिणींनो, परवा संध्याकाळी आमच्याकडे दुधावरून रडारड झाली. पेले घासायचे पडले होते, म्हणून मोठ्याला उंच ग्लासात आणि पाच वर्षांच्या धाकटीला पसरट वाडग्यात दूध दिलं. दोघांनाही एकाच फुलपात्राने मोजून! तरी "दादाला जास्त दिलंस" म्हणून तिने भोकाड पसरलं. मी घाईत होते. "खोटं बोलतेस, हावरट कुठली!" असं म्हणून बसले. पोर दूध न पिताच झोपली.

रात्री माझं मला वाईट वाटलं. आठवड्यातून तीन दिवस बालवर्गाला शिकवणारी मी, आणि घरी असं वागले! स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी नेमका हाच प्रयोग मुलांवर केला होता. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला भांड्यातली उंचीच दिसते, रुंदी लक्षात येत नाही. म्हणजे धाकटी खोटं बोलत नव्हती. तिला दिसलं तेच ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात बादलीभर पाणी आणि चार भांडी घेऊन दोघांना बसवलं. तुम्हीही करून पाहा. पैशाचा खर्च नाही.

पहिला खेळ अंदाजाचा. तांब्या, लोटी, डबा आणि पातेलं मांडायचं. "कशात जास्त मावेल?" असं विचारायचं आणि उत्तर आलं की लगेच चूक-बरोबर सांगायचं नाही. मग एकाच वाटीने प्रत्येक भांडं भरायचं आणि दर वाटीला एक चिंचोका बाजूला ठेवायचा. शेवटी चिंचोके मोजले की निकाल मुलांच्या हातात!

दुसरा खेळ मापाचा. तेच पातेलं एकाने मोठ्या वाटीने भरायचं, दुसऱ्याने लहान वाटीने. दोघांचे आकडे वेगळे येतात आणि भांडण जुंपतं. ते जुंपू द्या. "मग सगळ्यांचं माप एकच पाहिजे" हे मूल आपणच म्हणतं. तेव्हा कुठे लिटरची गोष्ट सांगायची. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर हे पाठ करून घेण्यापेक्षा २०० मिलिलिटरच्या मापाने लिटरचं माप भरू द्या. पाच वेळा ओतलं की ते जन्मभर विसरणार नाही.

तिसरा खेळ आजीबरोबर. आमच्या सासूबाईंनी माळ्यावरची जुनी मापं काढली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. मुलांनी तांदूळ भरून सगळं पडताळून पाहिलं. तांदळाला शीग येते, पाण्याला येत नाही, हा शोध धाकटीने स्वतः लावला. एकदा शीग लावून आणि एकदा हात फिरवून सपाट भरलं, तर दोन्हींत किती फरक!

दोन गोष्टी सांभाळा. पाणी नळाला एक दिवसाआड येत असेल, तर खेळातलं पाणी झाडांना घाला. आणि लहान मूल बादलीजवळ एकटं सोडू नका.

हे सगळं नुसतं शाळेच्या गणितासाठी नाही बरं का. औषधाचा 'एक चमचा' म्हणजे ५ मिलिलिटर, पण आपल्या चमचाळ्यातले चमचे लहान-मोठे असतात. मीही पूर्वी हाताला येईल त्या चमच्याने औषध पाजत असे. आता बाटलीबरोबरचं मापच वापरते, आणि रेघ बरोबर आहे का ते मोठा डोळ्यासमोर धरून तपासतो.

धाकटीला अजूनही उंच ग्लासातलंच दूध जास्त वाटतं. वाटू दे. समज यायची तेव्हा येईल. तोवर आमच्याकडे दोघांना सारखे पेले, आणि ओतायचं काम तिच्याकडे!