सतरा नंबरचा फॉर्म

तिमाही संपत आली की आमच्याकडे रात्रीची जेवणं गप्प गप्प होतात. नवऱ्याच्या टीमला टार्गेट असतं. शेवटच्या आठवड्यात तो गिऱ्हाइकांना पुढच्या महिन्याची ऑर्डर आत्ताच द्या म्हणून गळ घालतो, मग पुढचा महिना कोरडा. ‘ही नुसती आकड्यांची सरकवासरकव आहे,’ असं मी एकदा म्हणाले. तर म्हणतो, ‘तुम्हा मास्तरांना कुठे असतं टार्गेट!’

असतं की. अटलांटाच्या सरकारी शाळांचं प्रकरण आठवतंय ना? तिथे दरवर्षी प्रत्येक शाळेला गुणांचं लक्ष्य ठरवून दिलेलं असे. गाठलं तर बोनस, नाही तर मुख्याध्यापकांची खुर्ची धोक्यात. जुलै २०११मध्ये राज्याचा चौकशी अहवाल आला. ४४ शाळांत गैरप्रकार, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं. परीक्षेनंतर मुलांची चुकलेली उत्तरं रबराने खोडून बरोबर केली जात. २०१५मध्ये ११ जण दोषी ठरले, तेही संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या कायद्याखाली! मला मात्र त्या रबरापेक्षा पुढचं जास्त लागलं. मुलं कागदावर पास, म्हणजे त्यांना जादा शिकवणीची गरजच उरली नाही.

लक्ष्य म्हणजे वाईटच, असं नाही हं. वर्गातल्या पाच जणांना दिवाळीपर्यंत धड वाचता आलं पाहिजे, असं मी पूर्वी स्वतःच ठरवलं होतं. तिघांना जमलं, दोघांना नाही. त्यावर कुणाची खुर्ची अवलंबून नव्हती, त्यामुळे दोघांना नाही जमलं हे सांगताना मला काही वाटलं नाही.

दहावीच्या निकालाचं तसं नव्हतं. महाराष्ट्रातल्या आमच्या शाळेला शंभर टक्के हवे होते. तिथे रबर लागत नव्हतं. नववीनंतर कच्च्या मुलांच्या पालकांना बोलवायचं आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ म्हणायचं. यादी वर्गशिक्षकांनी करायची. माझ्या यादीत सात नावं होती. एका मुलाची आई म्हणाली, ‘बाई, पण तो पास झालाय ना?’ झाला होता, काठावर. मी म्हटलं, ‘त्याच्याच भल्यासाठी आहे.’

पुढच्या वर्षी फाटकावर फ्लेक्स लागला. १०० टक्के निकाल, खाली आम्हा शिक्षकांचे फोटो.

परवा हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, ‘मग त्या मुलाचं काय झालं?’

मला माहीत नाही. आमच्या निकालात तो नव्हताच.