मुलगा दुबईला निघाला आहे

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले होते. खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे. मुलगा बावीस वर्षांचा, फिटरचा आयटीआय झालेला, दीड वर्ष घरीच आहे. गावातल्या ओळखीच्या एकाने मुंबईच्या एजंटाशी गाठ घालून दिली. एजंट नव्वद हजार मागतो. चाळीस आत्ता, पन्नास व्हिसा हातात आल्यावर. कंपनीचे नाव अजून सांगितलेले नाही. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते, सगळे असेच जातात," असे तो म्हणतो. भगिनींनी आम्हाला एवढेच विचारले आहे की, बांगड्या गहाण ठेवाव्यात की सरळ विकून टाकाव्यात?

आपा, तूर्त यांतले काहीच करू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण असेच पत्र दर दोन-तीन महिन्यांनी कुठून ना कुठून येते. कधी मुरूडहून, कधी मालेगावहून, कधी भिवंडीहून.

परमुलखात जाऊन कमावणे आपल्या लोकांना नवीन नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची मुसलमान घरे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जाणाऱ्यांच्या पगारावर चालली. खलाशी, सारंग, आगवाले असे आजोबा कित्येक घरांत निघतील. पुढे 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामे निघाली आणि बोटीची जागा कुवेत, सौदी, दुबईने घेतली. गावातले दुमजली बंगले आणि बहिणींची लग्ने त्याच पैशावर झाली. म्हणून "आखातात जाऊ नको" असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. मात्र त्या काळी माणूस मामाच्या नाही तर चुलत्याच्या भरवशावर जात असे आणि पोहोचल्यावर त्याच्याच खोलीत उतरत असे. आता मध्ये एजंट आला आहे, आणि एजंटाचा मामा-चुलता कोण हे आपल्याला ठाऊक नसते.

परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठवण्याचा धंदा आपल्या देशात 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली चालतो. परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असल्याशिवाय तो कुणालाही करता येत नाही. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघायला मिळते. नोंदणी चालू आहे की स्थगित, तेही तिथे कळते. मुलाच्या मोबाइलवर पाच मिनिटांचे काम आहे. आता दुसरी गोष्ट. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवाशुल्क म्हणून कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. नव्वद हजार कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. गावातला जो ओळखीचा माणूस मध्ये आहे, त्याला कायद्यात जागाच नाही. नोंदणीवाला एजंट असे 'सब-एजंट' नेमू शकत नाही. तो माणूस वाईट असेलच असे नाही. नमाजी असेल, सुखदुःखात धावून येणाराही असेल. पण पैसे बुडाले तर पोलिसांपुढे दाखवायला तुमच्याकडे त्याचा एक कागद नसतो, आणि गावकीत तोंड उघडायला भीड पडते. अशी कित्येक प्रकरणे या भिडेपोटीच दबलेली आहेत.

एक बाब बहुतेक घरांत उलटी समजली जाते. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असे छापलेले असते. त्याला आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार सरकारी नजरेखालून जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा अपघात विमाही सक्तीने काढला जातो. दहावी पास मुलाच्या पासपोर्टवर हा शिक्का नसतो. घरचे खूश होतात, "आमच्या मुलाला काही अडचण नाही" म्हणतात. अडचण नाही हे खरे, पण मग त्याचा करार बघणाराही कुणी नाही. आयटीआय झालेला आपला मुलगा याच वर्गातला. त्याचे कागद आईबापांनी आणि त्याने स्वतःच बघायचे.

व्हिजिट व्हिसाचे म्हणाल, तर एजंटाचे बोलणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. दुबईत व्हिजिटवर जाऊन मुलाखती देता येतात आणि नोकरी मिळाल्यावर व्हिसा बदलूनही घेता येतो. इंजिनिअर, अकाउंटंट मुले असे करतात. पण त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहण्या-खाण्याचा खर्च असतो, परतीचे तिकीट असते आणि बहुधा एखाद्या नातेवाइकाचे घर असते. कर्ज काढून गेलेल्या फिटरचे तसे नसते. त्याला पहिल्याच आठवड्यात "साइटवर चल, कागद मागाहून होतील" म्हणतात आणि तो जातो. वर्क परमिटशिवाय काम करणे तिथे गुन्हा आहे. असे काम करवून घेणाऱ्या मालकाचा दंड 2024 मध्ये एक लाख ते दहा लाख दिरहम इतका वाढवला गेला. पण दंड मालकाला झाला म्हणून मुलाचा बुडालेला पगार परत येत नाही. तो तक्रार करायला गेला, तर आधी त्याच्याच व्हिसाची तारीख विचारतात.

खरी नोकरी असेल तर कागद आधी येतो. संयुक्त अरब अमिरातीत मालकाला तिथल्या श्रम मंत्रालयाच्या नमुन्यातले ऑफर लेटर द्यावे लागते. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही मिळते. त्या भाषांत उर्दू आहे, हिंदी आहे, मराठी नाही. घरात आजीला किंवा नानांना उर्दू वाचता येत असेल तर त्यांनाच वाचायला बसवा. मुलाने त्यावर सही केली की पुढचा करार त्याच अटींवर व्हायला हवा. शिवाय तिथल्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून वसूल करायचा नसतो. सौदीच्या कायद्यातही इकामा, वर्क परमिट आणि करार संपल्यावरच्या परतीच्या तिकिटाचा खर्च मालकावरच आहे. तेव्हा "व्हिसाचे पैसे" असे कुणी म्हणाले की ते कुठल्या व्हिसाचे, असे जरूर विचारा.

कागद आल्यावर आपल्याकडे सगळे शेवटचा आकडा बघतात. दोन हजार दिरहम! लगेच रुपयांत गुणाकार होतो. खरे तर बघायचा आकडा निराळाच असतो. पगाराचे दोन भाग असतात, मूळ पगार आणि भत्ते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. अमिरातीत पहिली पाच वर्षे दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, त्यानंतर दर वर्षाला 30 दिवसांचा. आता दोन मुले धरा. दोघांचाही एकूण पगार दोन हजार दिरहम. एकाचा मूळ पगार 800 आणि बाकीचे भत्ते, दुसऱ्याचा मूळ पगार 1,500. पाच वर्षांनी पहिल्याच्या हातात 2,800 दिरहम पडतील, दुसऱ्याच्या 5,250. काम तेच आणि ऊनही तेच. ओव्हरटाइमचा हिशेबही मूळ पगारावरच चालतो. निघण्याआधी हे एकदा विचारले असते तर, असे म्हणणारे कितीतरी जण सुट्टीवर आले की आम्हाला भेटतात.

आणि हुद्दा! व्हिसावर काय लिहिले आहे ते कुणी बघतच नाही. आमच्या ओळखीचे दापोलीकडचे एक गृहस्थ सतरा वर्षे शारजात होते. गेले लेबरच्या व्हिसावर, पण तिसऱ्या वर्षापासून एसीचे काम करू लागले आणि पुढे मोठमोठ्या इमारतींचे चिलर सांभाळू लागले. हाताखाली सहा माणसे होती. कंपनी बंद पडली तेव्हा मिळालेल्या दाखल्यावर लिहिले होते 'लेबर'. दुसऱ्या कंपनीने विचारले, टेक्निशियनचा अनुभव दाखवा. दाखवणार काय? सतरा वर्षांचे कसब हातात होते, कागदावर शून्य. शेवटी पुन्हा हेल्परच्या पगारावर सुरुवात झाली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. घरी दोन मुली शिकत होत्या.

नोकरीतली बढती म्हटली की लोकांना साहेबाची मर्जी आठवते. कामगाराच्या बाबतीत तिची सुरुवात या हुद्द्यापासून होते. काम बदलले की हुद्दा बदलून मागावा. व्हिसा-नूतनीकरणाची वेळ त्यासाठी चांगली, कारण कागद तेव्हा तसेही नव्याने होत असतात. तोंडी "पुढच्या वेळी बघू" मिळाले, तर एका साध्या ई-मेलमध्ये आपण सध्या कोणते काम करतो ते नम्रपणे लिहून पाठवावे आणि जपून ठेवावे. पगार बँकेतूनच घ्यावा, रोख नको. अमिरातीत 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत लागू आहे, आणि बँकेची नोंद हा पुढे उपयोगी पडणारा पुरावा असतो. सौदीला जाणाऱ्या प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन यांसारख्या कारागिरांची कौशल्य-परीक्षा आता इथे भारतातच घेतली जाते. पोरे तिला वैतागतात. आम्हाला ती बरी वाटते. परीक्षा देऊन गेलेल्या वेल्डरला तिकडे गेल्यावर पाटी उचलायला लावणे जरा अवघड जाते.

आपा, तुमच्या मुलाबद्दल आता स्पष्ट बोलतो. आयटीआय झाल्यावर दीड वर्ष घरी बसलेला फिटर आखातात हेल्परच्याच पगारावर घेतला जाणार, मग एजंट चांगला असो वा वाईट. त्याच्याकडे अनुभवाचा एकही कागद नाही. तुमच्या तालुक्यातच लोटे-परशुरामची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखान्यांची. तिकडे पनवेलच्या बाजूला तळोजा आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. स्टायपेंड बेताचा असतो, शेजारचा मुलगा दुबईहून फोटो पाठवत असताना रोज बसने लोट्याला जाणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. पण शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात आले आणि वर एखादे वर्ष पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइनच्या देखभालीचे काम झाले, की तोच मुलगा तेल आणि रसायनाच्या प्रकल्पांत फिटर म्हणूनच अर्ज करू शकतो. तिथे मोठ्या कंपन्या नोंदणीकृत एजंटांमार्फत मुंबईत मुलाखती घेतात. दोन वर्षे उशीर होईल. चोवीस हे काही वय झाले असे नाही. लग्नाची घाई मात्र तोवर करू नये, हे आमचे आगाऊ मत.

बोटीवर जाणाऱ्या मुलांसाठी नियम वेगळे आहेत. तिथे एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणेच बेकायदा आहे. तीस हजारही नाही, तीन हजारही नाही. 'जॉइनिंग'साठी दोन-तीन लाख मागणारा कुणी भेटला तर तिथूनच उठावे.

मुलींबद्दलही पत्रे येऊ लागली आहेत, त्याचा आनंद आहे. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींनी लक्षात ठेवावे की, पासपोर्टवर ईसीआर नसले तरी नर्सना या 18 देशांसाठी 2015 पासून एमिग्रेशन क्लिअरन्स लागते. ती टाळून व्हिजिटवर पाठवतो म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

ज्यांच्या घरचा माणूस आधीच तिकडे आहे, त्यांच्यासाठी एक काम. या सुट्टीत तो आला की त्याच्या बॅगेतले कागद काढा. पासपोर्टची पहिली आणि शेवटची पाने, व्हिसा किंवा इकामा, करार, मालकाचे पूर्ण नाव, राहण्याच्या कॅम्पचा पत्ता, सोबतच्या दोघा खोलीकऱ्यांचे नंबर. सगळ्याच्या दोन प्रती काढा. एक त्याच्या बायकोकडे, एक आईकडे. पगार थकला, पासपोर्ट अडकवला किंवा फोन लागेनासा झाला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर घरून तक्रार नोंदवता येते, आणि 1800 11 3090 या मोफत क्रमांकावर बोलता येते. दोन्हीकडे पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचे नाव लागते. ते घरात कुणालाच ठाऊक नसते, आणि पहिले आठ दिवस त्यातच जातात.