कोरे सोडलेले पान

विज्ञान भाग 2 च्या सराव परीक्षेत माझ्या भाचीला 40 पैकी 32 गुण मिळाले. गेलेल्या आठ गुणांपैकी तीन किरकोळ चुकांत गेले, पाच मात्र एकाच जागी गेले. शेवटच्या प्रश्नात दोनपैकी एक सोडवायचा होता. एक मानवी उत्क्रांतीवर होता आणि दुसरा तिला येत नव्हता. पानावर प्रश्नाचा क्रमांक होता, समास आखलेला होता आणि खाली सगळे कोरे.

"वेळ पुरला नाही का गं?"

"पुरला, खाला. उत्तर येत होतं मला."

"मग?"

"लिहिलं असतं तर मी ते मानते असं झालं असतं ना? आपण तर हजरत आदम (अ.स.) यांची औलाद."

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. त्यांच्या गावात शाळा आठवीपर्यंतच आहे, म्हणून दोन वर्षांपासून ती आमच्याकडे पेडगावला राहते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञानाशी माझा संबंध नाही. तेव्हा 'तुझ्या विज्ञानाच्या सरांना विचार' म्हणून मला हात झटकता आले असते. पण तिने ते पान आळसाने सोडले नव्हते. ईमानासाठी तिने पदरचे पाच गुण दिले होते. आपल्यातले किती मोठे लोक एवढे देतात?

माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "परीक्षेपुरतं लिहून टाक, मनात काय ठेवायचं ते ठेव." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे खोटं लिहू?" वर्गात मुलांना नक्कल करू नका, खरे बोला असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या बाईजवळ याला उत्तर नव्हते.

रात्री जेवणानंतर विषय पुन्हा निघाला. आमचे धाकटे दीर कापूस लावतात. ते शेतातून आले होते. ते म्हणाले, "भाभी, पोरीने बरोबर केलं. आपल्या औरंगाबादेत मंत्रीसुद्धा हेच बोलून गेले होते."

बोलले होते हे खरे. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी सांगितले, की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून निवेदन काढले, की या विधानाला काही शास्त्रीय आधार नाही. त्यांचे वरिष्ठ मंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीही असली विधाने टाळा असे त्यांना सांगितले. मला आठवते, त्या आठवड्यात आमच्याच काही नातेवाइकांनी ती बातमी मोठ्या आनंदाने एकमेकांना पाठवली होती. एरवी ज्या पक्षाचे नाव निघाले की कपाळाला आठ्या पडतात, त्याचा मंत्री एका दिवसापुरता आपला झाला.

मी दिरांना म्हटले, "पुढचंही आठवतं का? जुलै 2019 मध्ये लोकसभेत तेच म्हणाले, आपण माकडांची नव्हे, ऋषींची संतती आहोत. आता त्यात तुम्ही-आम्ही कुठे बसतो?" ते हसले आणि पाण्याचा तांब्या उचलून गप्प बसले.

मला या जुळवणीची भीती वाटते. 'डार्विन खोटा' इथपर्यंत सगळे हातात हात घालून येतात, 'मग खरे काय' म्हटले की प्रत्येक जण आपापल्या घराकडे वळतो. शाळेच्या पुस्तकातून ते पान काढले, तर रिकाम्या जागी कोणाची गोष्ट येणार, याचा विचार आपण केला आहे का? 2023 मध्ये एनसीईआरटीने केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' झाली. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. आपल्या महाराष्ट्राच्या दहावीत मात्र विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे.

आमचे सासरे, अब्बा, हे सगळे पलंगावरून ऐकत होते. त्यांनी एक जुनी फारसी म्हण टाकली, 'नक्ले कुफ्र कुफ्र नबाशद'. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितल्याने सांगणारा काफिर होत नाही. परीक्षेत आपण काय मानतो ते कोणी विचारत नाही, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते विचारतात, तेवढे सांगावे. पोरीचा चेहरा खुलला. माझाही खुलायला हवा होता, पण मला ते अर्धेच वाटले. कारण ही काही दूरदेशीच्या कोणाची वार्ता नाही. ती आमच्या दिरांच्या शेतात घडलेली आहे.

बीटी कापूस आपल्याकडे 2002 मध्ये आला. बोंडअळीला मारणारे विष झाडाच्याच अंगात. 2006 मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूश. मग गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी सापडली आणि 2010 मध्ये ते जाहीर झाले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते आठवा. वरून बोंड हिरवेगार, फोडले की आत अळी, कापसाची कवडी. डोमकळ्या दिसू लागल्या तोवर उशीर झालेला.

मी दिरांना विचारले, "अळी हे विष पचवायला कुठे शिकली?"

"शिकली कशाची. काही आधीपासूनच चिवट असणार. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. त्यांचीच पिल्लं वाढली."

"भाऊसाहेब, डार्विनने 1859 मध्ये हेच लिहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. लाखो अळ्यांत दोन-चारच्या आतड्याची घडण जराशी वेगळी होती, तिथे विष चिकटत नव्हते. विषाने त्या चिवट केल्या नाहीत, विषाने फक्त निवड केली. आणि बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची साध्या कापसाची वेगळी पुडी मिळायची ना, शेताच्या कडेने लावायला? ती याच हिशेबाने होती. साध्या कापसावर वाढलेल्या नाजूक अळ्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळावेत आणि पिल्ले पुन्हा विषाला बळी पडणारी निघावीत. "ती पुडी आम्ही बांधावर फेकून द्यायचो," दीर म्हणाले. बहुतेकांनी तेच केले. वर फरदडीचा कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवला, म्हणजे चिवट अळीला बाराही महिने दस्तरखान अंथरून दिले. उत्क्रांती मानत नाही म्हणणाऱ्याच्या शेतातही ती झाली आणि मानणाऱ्याच्याही.

पण दीर कच्चे नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "शेवटी अळीची अळीच राहिली ना, भाभी? हत्ती तर नाही झाला तिचा!"

मला हसू आले, कारण हा आक्षेप आमच्याच जुन्या राजधानीत नोंदलेला आहे. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या हैदराबादेत राहून 1881 मध्ये जमालुद्दीन अफगाणी यांनी सर सय्यद यांच्या विचाराच्या लोकांविरुद्ध, म्हणजे 'नेचरी' लोकांविरुद्ध, एक फारसी पुस्तिका लिहिली. त्यात डार्विनची खिल्ली उडवली आहे. असे असेल तर कालांतराने पिसवेचा हत्ती होईल आणि हत्तीची पिसू. पुढे त्यांनी विचारले आहे, की अरब आणि यहुदी हजारो वर्षे खतना करत आले, मग एकही मूल खतना होऊन का जन्मले नाही? प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो डार्विनच्या निवडीला लागत नाही. कमावलेला किंवा गमावलेला अवयव पुढच्या पिढीत उतरतो, या समजुतीला लागतो. त्याच दशकात वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेपट्या कापून हेच दाखवले, पिल्ले शेपटीसकटच जन्मली. अफगाणी मोठे माणूस होते, पण ज्याला उत्तर द्यायचे त्याचे म्हणणे त्यांनी नीट समजून घेतलेले दिसत नाही. आपले बरेच वाद तेव्हापासून तिथेच अडले आहेत. डार्विनने आजच्या माकडाचा माणूस झाला असे म्हटलेच नाही. दोघांचा फार जुना पूर्वज एक, असे त्याचे म्हणणे. चिंपांझीची आणि माणसाची वाट वेगळी होऊन साठ-सत्तर लाख वर्षे झाली, असे आजचे शास्त्र मानते.

भाषेची शिक्षिका म्हणून एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते. उर्दूत उत्क्रांतीला 'इर्तिका' म्हणतात. 'तरक्की' ज्या धातूतून येतो त्यातूनच हा येतो, अर्थ चढणे. मराठी 'उत्क्रांती'तही 'उत्' आहे, म्हणजे वरच. दोन्ही शब्द शिडी दाखवतात, खाली माकड आणि वर आपण. पण बोंडअळीने काय तरक्की केली? ती फक्त टिकली. शब्दच असा मिळाल्यावर मुलांनी शिडी पाहिली तर त्यांचा काय दोष?

आणि एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मी हारून यह्या यांच्या एका उर्दू पुस्तिकेवरून भाषण लिहून दिले होते. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, कोट्यवधी वर्षांत प्राणी बदललेच नाहीत असा दावा. याच गृहस्थांचा 'अ‍ॅटलस ऑफ क्रिएशन' हा जाडजूड ग्रंथ युरोप-अमेरिकेत फुकट वाटला गेला. त्यात आजचा जिवंत कीटक म्हणून छापलेले एक चित्र मासे पकडायच्या बनावट आमिषाचे निघाले, गळाचा आकडा चित्रात स्पष्ट दिसत होता. 2021 मध्ये तुर्कस्तानच्या न्यायालयाने या लेखकाला लैंगिक अत्याचार आणि इतर गुन्ह्यांसाठी हजाराहून अधिक वर्षांची सजा दिली. ते भाषण ज्या मुलाने पाठ केले, त्याला मी हे अजून सांगितलेले नाही.

दुसरे टोकही मला आवडत नाही. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू म्हणाले, की दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धान्त आहे. आपण हसलो. आणि आपल्या मोबाइलवर काय फिरते? डार्विनने सगळे जाहिज आणि इब्ने खल्दून यांच्याकडून उचलले. बसऱ्याच्या जाहिजने नवव्या शतकात प्राण्यांच्या झगड्याबद्दल लिहिले, इब्ने खल्दूनने चौदाव्या शतकात खनिजापासून वनस्पती, प्राणी, माकड, माणूस अशी चढती रांग मांडली, हे खरे आणि अभिमानाचे आहे. पण नैसर्गिक निवड तिथे नाही. नसलेले आहे म्हणणे ही वडीलधाऱ्यांची इज्जत नव्हे.

राहिला खरा प्रश्न, पोरीचा. हजरत आदम (अ.स.) यांचे काय?

मुस्लिम विद्वान यावर एकमताचे नाहीत. काही उत्क्रांती पूर्णच नाकारतात. काही म्हणतात, इतर सगळे सजीव, अगदी माणसासारखे प्राचीन जीवसुद्धा, त्या मार्गाने आले असतील, हजरत आदम मात्र अल्लाहने वेगळे घडवले. काही आयतींचा अर्थ व्यापक घेतात. त्रिपोलीचे आलिम हुसेन अल-जिस्र यांनी 1888 मध्येच लिहिले होते, की हा सिद्धान्त अजून सिद्ध नाही, पण पक्का पुरावा आला तर आयतींची तावील करता येईल. आज जॉर्डनच्या हाशमी विद्यापीठात राना दजानी या प्राध्यापिका हिजाब घालून उत्क्रांती शिकवतात. हे ऐकून भाचीने पहिल्यांदा पुस्तकातून मान वर केली.

मी तिला विचारले, "त्याच पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. तो लिहिलास?"

"हो."

"त्यात लिहिलंय की मूल आई-बाप दोघांपासून होतं. मग हजरत ईसा (अ.स.)?"

ती थांबली. सूरह आले इमरानमध्ये हजरत ईसांची मिसाल हजरत आदमसारखी आहे असे स्वतः अल्लाहनेच सांगितले आहे, हे तिला पाठ आहे. बीबी मरियम यांच्या पोटी बाळ बापाविना जन्मले म्हणून जीवशास्त्राचा धडा खोटा ठरत नाही. उलट धडा खरा आहे म्हणूनच तो मोजिजा. नियम नसता तर त्यात नवल ते काय उरले असते? मी हजरत आदमबद्दल असेच मानते. अळीचे, हाडांचे, आपल्या पाठीच्या टोकाला उरलेल्या माकडहाडाचे जे पुस्तकात आहे ते मी खोटे म्हणू शकत नाही, आणि नमाजेत जे पढते तेही.

"पण खाला," ती म्हणाली, "हजरत ईसा एकटे होते. हजरत आदम तर सगळ्यांचे अब्बा. एकाची गोष्ट वेगळी आणि सगळ्यांची वेगळी ना?"

अब्बा पलंगावरून म्हणाले, "हिला वकील करा." दीर उठून झोपायला गेले. मी तिला सांगितले, की तुझा मुद्दा वजनाचा आहे, मोठमोठे आलिम याच जागी अडतात, तू दहावीतच तिथे पोहोचलीस. तो सोडू नकोस, पण त्यासाठी पान कोरे ठेवू नकोस.

दोन दिवसांनी तिच्या अब्बांचा फोन आला, "बाजी, पाच मार्कांसाठी पोरीच्या डोक्यात काय भरता?" मी म्हटले, दूल्हेभाई, भरायला जागा कुठे आहे, डोके आधीच भरलेले आहे. तिच्याशीच बोला. ते अर्धा तास बोलले. काय बोलले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.

रविवारी तिने तो प्रश्न वहीत पूर्ण सोडवून मला दाखवला. उत्तराची सुरुवात अशी होती : 'जीवाश्म व इतर पुराव्यांवरून शास्त्रज्ञांनी असे अनुमान काढले आहे की…' पुढे दीड पान, आकृतीसकट. विज्ञान तिचे सर तपासतील. मला शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. 'उत्क्रांती'चा शेवट तिने दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व काढला होता.